जुना टीव्ही भंगारात काढायच्या आधी जरा मागं वाकून बघा

"डब्बा टीव्हीवर ओटीटी चालतच नाय, स्मार्ट टीव्ही घ्यावाच लागतो" हे इतकी वर्षं ऐकतोय की लोकांना खरंच वाटायला लागलंय. अहो, टीव्ही म्हणजे नुसता पडदा, इंटरनेट खेचायचं काम बाहेरची स्टिक किंवा बॉक्स करतो, त्यामुळे टीव्हीच्या मागं एचडीएमआयचं भोक असेल तर विषयच संपला, ॲमेझॉनची फायर स्टिक लावा, वायफाय जोडा, झालं.

एचडीएमआय नसेल, फक्त पिवळी-पांढरी-लाल पिन जाते असा जुना पिक्चर ट्यूबवाला असेल तरी चालतं, त्यासाठी एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर लागतो. इथंच सगळे फसतात, कारण एव्ही टू एचडीएमआय नावाचा दिसायला सेम डबा मिळतो आणि तो उलटा चालत नाही (मी तोच घेऊन आलेलो, दोन तास निळा स्क्रीन बघत बसलो). आणि स्टिकला पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून नको, सोबतच्या ॲडॅप्टरमधूनच द्या, नाहीतर सारखी रीस्टार्ट होते. चित्र मात्र एचडी दिसणार नाही, बारीक अक्षरं वाचताना डोळे बारीक करावे लागतात.

लाइव्ह चॅनेलला तर नेटसुद्धा नको. डीडी फ्री डिश 2004 पासून आहे, छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं शून्य, सह्याद्री दिसतं. नेट असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, 2024 ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात आलेलं, त्यातही लाइव्ह चॅनेल आहेत.