केनियातील काउंटी विधानसभा: रचना, कायद्याचा प्रवास आणि नागरिकाची याचिका

केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने देशात ४७ काउंटींची, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागांची, सरकारे निर्माण केली आणि प्रत्येकाला स्वतंत्र विधानसभा दिली. आपल्या जिल्हा परिषदेच्या चष्म्यातून तिच्याकडे पाहिल्यास फसगत होते, कारण बाजार, परवाने, काउंटीची रुग्णालये, पूर्वप्राथमिक शिक्षण अशा विषयांवर ही सभा स्वतः कायदे करते आणि थेट निवडून आलेला गव्हर्नर, म्हणजे काउंटी सरकारचा प्रमुख, तिचा सदस्य नसतो. प्रत्येक वॉर्डातून एक सदस्य निवडून येतो. नैरोबीत असे ८५ वॉर्ड आहेत. कोणत्याही एका लिंगाचे सदस्य दोन तृतीयांशांहून अधिक होऊ नयेत आणि दिव्यांग, युवक यांसारख्या घटकांनाही जागा मिळावी, यासाठी पक्षांच्या याद्यांमधून आणखी सदस्य घेतले जातात. अध्यक्ष मात्र सदस्य नसलेल्या व्यक्तींमधून निवडला जातो.

सदस्यत्वासाठी उमेदवार नोंदणीकृत मतदार असावा लागतो आणि निवडणुकीआधीची सलग १० वर्षे तो केनियाचा नागरिक असावा लागतो. त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी माणसाने अलीकडेच नागरिकत्व घेतले असेल, तर त्याला थांबावे लागेल. पक्षाची उमेदवारी नसल्यास वॉर्डातील किमान ५०० नोंदणीकृत मतदारांचा पाठिंबा दाखवावा लागतो.

विधेयक सदस्य किंवा समिती मांडू शकते. वाचने आणि समितीची छाननी यांच्या जोडीला लोकसहभाग घटनेनेच बंधनकारक केला आहे, आणि ही अट कागदापुरती नाही: किआंबू काउंटीचा कर आणि शुल्के ठरवणारा २०१३ चा वित्त कायदा पुरेशा लोकसहभागाअभावी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला. मंजूर विधेयक मिळाल्यापासून १४ दिवसांत गव्हर्नरने संमती द्यावी किंवा आक्षेप नोंदवून ते परत पाठवावे, असा नियम आहे. तो आक्षेप डावलायचा असेल, तर सभेला दोन तृतीयांश मते लागतात. संमतीनंतर ७ दिवसांत कायदा राजपत्रात छापला जातो आणि त्यात वेगळी तारीख नसल्यास प्रसिद्धीनंतर चौदाव्या दिवशी लागू होतो.

नवा कायदा करावा, जुना बदलावा किंवा रद्द करावा, अशी याचिका कोणतीही व्यक्ती करू शकते. ती सभेच्या क्लार्कच्या नावे द्यावी. हा क्लार्क म्हणजे आपला कारकून नव्हे. तो सभेचा प्रमुख प्रशासकीय अधिकारी असतो. मजकूर इंग्रजीत किंवा स्वाहिलीत, हाताने वा टंकलिखित चालतो, परंतु खाडाखोड नसावी. एक शब्द चुकला तरी वर व्हाइटनर न फिरवता ते पान पुन्हा लिहिलेले बरे. संबंधित खात्याकडे आधी दाद मागितली होती का, तेथून काय उत्तर आले आणि हाच प्रश्न एखाद्या न्यायालयात प्रलंबित आहे का, हे स्पष्ट लिहावे. शेवटी अर्जदाराचे नाव, पत्ता, ओळखपत्र क्रमांक आणि सही किंवा अंगठा हवा.

बहुतेक अर्ज कच्चे राहतात ते मागणीच्या परिच्छेदात. ‘भाजीवाल्यांवरील शुल्क अन्यायकारक आहे, न्याय मिळावा’ एवढ्याने समितीच्या हाती काही लागत नाही. काउंटीच्या वित्त कायद्याच्या कोणत्या परिशिष्टातील कोणती नोंद बदलायची आणि तेथे कोणती रक्कम असावी, हे सांगितले तर त्यावर चर्चा करता येते. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यावी आणि तिच्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.