पाऊस फक्त वरून येत नाही

पाऊस थांबून अर्धा तास झालेला, रस्ता तेवढा ओला, म्हणून रेनकोट बॅगेत टाकला आणि सायकल काढली. ऑफिसात पोचलो तर मागून कुणीतरी म्हणालं, अरे पाठीला काय झालंय? कंबरेपासून पार मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा, अगदी पट्टी लावून आखल्यासारखा! तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की सायकलवाल्याला वरून पडणारा पाऊस फारसा छळत नाही, छळतो तो खालून, समोरून आणि आतून येणारा.

आधी खालचा. चाक फिरताना टायरला पाणी चिकटतं. त्या पाण्याला सरळ जायचं असतं आणि टायर तर सारखा वळत असतो, मग चिकटण्याचा जोर कमी पडला की थेंब सुटतो आणि सुटेल त्या दिशेला सरळ निघतो. मागच्या चाकाचा मागचा भाग सायकलच्याच वेगाने वर जात असतो. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर, आणि या वेगाने वर फेकलेली वस्तू (हवेचा अडथळा सोडून द्या) दीड मीटर वर चढते, म्हणजे थेंब डोक्यापर्यंत आरामात पोचू शकतो. गंमत अशी की वेग निम्मा केला की ही उंची निम्मी नाही तर पाव होते, कारण ती वेगाच्या वर्गावर ठरते. ताशी १० किमीला थेंब जेमतेम ४० सेंटीमीटर चढतो आणि सीटच्या खालीच दम टाकतो. मडगार्ड नसेल तर हळू चालवा यामागचं गणित एवढंच. आणि पुढचं मडगार्ड नुसतं तोंडावर उडणारं पाणी अडवायला असतं असं वाटत असेल तर तसं नाही, पुढच्या चाकाच्या खालच्या भागातून जे पाणी मागे फेकलं जातं ते थेट बुटांवर आणि चेनवर येतं, म्हणून मडगार्ड खालपर्यंत हवं, शेवटी रबराची झालर असेल तर अजून उत्तम.

आता समोरचा पाऊस. वारा नसेल तर थेंब सरळ खाली पडतात. दोन मिलीमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने येतो. पण आपण साडेपाचने पुढे जात असतो, त्यामुळे आपल्या दृष्टीने तोच थेंब जवळजवळ ४० अंश तिरका होऊन अंगावर येतो. शेजारी उभ्या माणसाची छत्री सरळ आणि आपल्या मात्र मांड्या, गुडघे, चष्मा सगळं ओलं, ते यामुळे. मग जोरात हाणावी की हळू? समोरून लागणारं पाणी वेगावर अवलंबूनच नाही, ठरावीक अंतरात हवेत लटकलेले जेवढे थेंब वाटेत येतील तेवढे तुम्ही गोळा करणारच, हळू गेलात तरी आणि जोरात गेलात तरी. डोक्या-खांद्यांवर पडणारं पाणी मात्र वेळेवर ठरतं, म्हणजे लवकर पोचलात तर कमी. थोडक्यात घाई केली तर वरचा पाऊस कमी लागतो आणि मडगार्ड नसेल तर खालचा वाढतो, घ्या आता!

आतला पाऊस म्हणजे घाम. पेडल मारताना शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता. म्हणजे तुम्ही १०० वॉट लावून पेडल मारताय तर निदान ३०० वॉटची शेगडी अंगात पेटलेली असते. ती उष्णता नुसत्या घामाने काढायची तर तासाला जवळपास अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. आणि आपण काय करतो, तर साधा प्लॅस्टिकचा रेनकोट घालतो! मग तो घाम जाणार कुठे, आतच साचतो आणि तासाभराने रेनकोट घातला काय न घातला काय. महागडे ‘श्वास घेणारे’ जॅकेट असतात, त्यांच्या पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबासाठी फार लहान आणि वाफेसाठी पुरेशी मोठी असतात. पण वाफ बाहेर जायला आत दमट आणि बाहेर कोरडं असा फरक लागतो. उकाड्यातल्या पावसात तो फरकच कमी, त्यात वरचं कापड भिजून जड झालं की वाट आणखी बंद. माझ्या मते जॅकेटच्या काखेतल्या झिप आणि पाठीवरची हवा खेळवणारी झडप यांचा उपयोग त्या जादूच्या कापडापेक्षा जास्त होतो.

हे सगळं झालं भिजण्याचं, त्याने फार तर सर्दी होईल अशी भीती. खरी भीती ब्रेकची. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या दिवशी पहिल्यांदा दाबल्यावर काहीच होत नाही, पोटात गोळा येतो. कारण रबर आणि रिमच्या मध्ये पाण्याचा थर बसलेला असतो आणि तो पुसला जाईपर्यंत रबर नुसतं घसरत राहतं. चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण दोन मीटर, चार फेरे पुसण्यात गेले की आठ मीटर गेले! जुन्या स्टीलच्या क्रोम रिम तर याबाबतीत कुप्रसिद्ध, ॲल्युमिनियम बरं. डिस्क ब्रेकची चकती रस्त्यापासून लांब असते आणि तिच्यावर दाबही जास्त, त्यामुळे पाणी लगेच पिळून निघतं, फक्त कधीकधी किंचाळतो. रिमवाल्यांनी थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकाच टेकवून रिम पुसून घ्यावी, मी तर सिग्नल लांबून दिसला की लगेच सुरू करतो.

वेगातल्या मोटारीचे टायर पाण्याच्या थरावर उचलले जाऊन रस्ता सोडतात, तशी सायकलही पाण्यावर तरंगेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. टायर ज्या वेगाला पाण्यावर उचलला जातो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, सायकलच्या टायरात ६० पीएसआय हवा धरली तर तो ताशी १३० किमीच्या घरात जातो, शिवाय आपला टायर अरुंद आणि गोल. म्हणून सायकलच्या टायरवरची नक्षी पाणी काढायला लागतच नाही. घसरतो ते दुसऱ्या कारणाने. खडबडीत डांबराचे कण पाण्याचा थर फोडून रबरात रुततात, पण गटाराचं लोखंडी झाकण, झेब्रा क्रॉसिंगचा रंग, फरशी यांना रुतायला कणच नसतात. तिथे सायकल सरळ ठेवायची, ब्रेक नाही, वळण नाही. आणि पहिल्या सरीत जास्त जपायचं, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हा नुसती भिजते, धुऊन जायला वेळ लागतो.

चेनचं तर विचारूच नका, रात्री ओली ठेवली की सकाळी नारिंगी. पुसून मगच तेल द्यायचं, नाहीतर पाणी तेलाखाली अडकून बसतं.

बुटांसाठी मात्र जुनी युक्ती अजून चालते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, कागदाच्या धाग्यांमधल्या बारीक फटी पाणी ओढून घेतात. पण कागद एकदा भिजला की त्याचं ओढणं थांबतं, म्हणून तासाभराने बोळे बदलायचे, आणि हेच नेमकं मी मीटिंगच्या नादात विसरतो.