मिठाच्या पाण्यातली परीक्षा

एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीत असतं तेच. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे विजेच्या स्पंदांनी ऐकू आणणाऱ्या उपकरणाच्या, इलेक्ट्रोडची पहिली परीक्षा बहुतेकदा अशाच खारट पाण्यात होते. चंचुपात्रात तो बुडवायचा, विजेचे स्पंद सोडायचे आणि धातूला किती विद्युतभार झेपतो ते मोजायचं. उद्या पुन्हा मोजा, आकडा जवळपास तोच येतो.

या इलेक्ट्रोडला पुढे राहायचं असतं ते आतल्या कानात, कॉक्लियामध्ये. गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची, जेमतेम वाटाण्याएवढी ही नळी. तिच्यात सिलिकॉनची लवचीक पट्टी सरकवतात. पट्टीवर प्लॅटिनमचे बारीक इलेक्ट्रोड असतात, काही मॉडेलांत २२.

धातूत वीज वाहतात इलेक्ट्रॉन, शरीरातल्या द्रवात आयन. दोघांची गाठ पडते ती धातूच्या पृष्ठभागावर. तिथलं व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं, तर पाणीच फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटू लागतात. म्हणून प्रत्येक स्पंदामागोमाग तेवढ्याच भाराचा उलटा स्पंद देतात. ही मर्यादा मिठाच्या पाण्यात ऐसपैस दिसते, ऊतीत ती आखडते. तिथे आयनांना मोकळं फिरता येत नाही, आणि प्लॅटिनमवर प्रथिनांचा थर चढायला वेळ लागत नाही. चंचुपात्रातला आकडा जसाच्या तसा कानात वापरू नये, ते यासाठी.

शिवाय कान रोज बदलतो. ऑपरेशनच्या टेबलावर मोजलेला इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, पुढच्या काही आठवड्यांत चढतो, कारण शरीर या पाहुण्याभोवती तंतुमय ऊतीचं वेष्टन विणतं. उपकरण प्रवाह ठरलेलाच सोडतं. साहजिकच व्होल्टेज जास्त लागतं आणि बॅटरी लवकर उतरते. मग येतो स्विच-ऑनचा, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा सुरू करण्याचा दिवस. इम्प्लांट रोज वापरात आला की हाच इम्पिडन्स बहुधा खाली येतो आणि बरेच दिवस बंद ठेवला की पुन्हा चढतो. नुसत्या मिठाच्या पाण्यात मुळात भरून येणारी जखमच नसते!

शरीर म्हणजे धातूचा वैरीच, असं मात्र समजू नका. मला स्वतःला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे : स्पंद देताना प्लॅटिनम अगदी किंचित झिजतं, पण द्रावणात प्रथिनं मिसळली की झीज कमी होते. भार झेपण्याच्या आड येणारा तोच थर इथे कवच होतो. अर्थात झीज शून्यावर येत नाही. मृत्यूनंतर दान केलेल्या काही कानांत, इलेक्ट्रोडभोवतीच्या ऊतीत, प्लॅटिनमचे कण सापडले आहेत.

वर्षाच्या बाळाला बसवलेला इम्प्लांट किती टिकेल हे पाहायला ७० वर्षं कोण थांबणार? मग त्याला गरम सलाइनमध्ये ठेवतात. तापमान १० अंशांनी वाढलं की झिजण्याचा वेग साधारण दुप्पट, हा ठोकताळा. ३७ ऐवजी ८७ अंश ठेवले तर ३२ पट. सिलिकॉन आणि सांधे तपासायला हे ठीक. पण त्या पाण्यात प्रथिनं घालावीत, तर ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी थिजतील.