केट बुशचे अल्बम आणि ‘दुसऱ्या बाजू’चा वाद

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या मोजक्या मंडळींमध्ये ब्रिटिश गायिका केट बुशचा विषय निघाला, की बोलणे हटकून तिच्या ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ या अल्बमच्या उत्तरार्धावर येऊन ठेपते. मे 2022 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या चौथ्या पर्वामुळे ज्यांना त्यातले ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणे ठाऊक झाले, त्यांना हा अल्बम म्हणजे चार-पाच जबरदस्त गाणी वाटतात. ज्यांनी तो गणपतीला गावी आलेल्या एखाद्या चाकरमान्याच्या कॅसेटवर ऐकला, ते मात्र कॅसेट उलटल्यावर सुरू होणाऱ्या भागासाठी भांडतात. हा वाद आवडीनिवडीचा दिसतो खरा, पण गाणी कोणत्या माध्यमातून आणि कोणत्या क्रमाने कानावर पडली, याच्याशी त्याचा संबंध अधिक आहे.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात 1958 साली जन्मलेल्या या गायिकेचे ‘वुदरिंग हाइट्स’ हे पहिलेच गाणे 1978 मध्ये ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. स्वतः लिहिलेल्या गाण्यासह तिथे पोहोचलेली ती पहिली गायिका. त्याच वर्षी ‘द किक इनसाइड’ आणि ‘लायनहार्ट’ असे दोन अल्बम आले. दुसऱ्यातली घाई ऐकताना जाणवते आणि त्याची बाजू घेणारे चाहतेही थोडेच. 1980 च्या ‘नेव्हर फॉर एव्हर’मध्ये फेअरलाइट हे संगणकीय वाद्य आले. कोणताही ध्वनी टिपून घेऊन तो पट्ट्यांवर वाजवण्याची सोय त्यात होती, आणि तिच्या पुढच्या कामाची दिशा या वाद्याने ठरवली.

1982 चा ‘द ड्रीमिंग’ हा तिने एकटीने निर्मिती सांभाळलेला पहिला अल्बम. एकावर एक रचलेले आवाज, ओरडणे, तुटक ठेके अशा या गर्दीने त्या वेळच्या श्रोत्यांना गोंधळात टाकले आणि खप अपेक्षेइतका झाला नाही. जुन्या चाहत्यांपैकी काही जण आजही यालाच तिचे सर्वोत्तम काम मानतात. प्रस्तुत लेखकाचा कलही तिकडेच आहे, कारण इथला धीटपणा नसता तर पुढचा अल्बम झालाच नसता. त्यानंतर तिने घराशेजारीच स्वतःचा स्टुडिओ उभारला. भाड्याच्या स्टुडिओचे घड्याळ डोक्यावर नसल्यामुळे एखाद्या ध्वनीवर हवे तितके दिवस घालवणे शक्य झाले.

याच स्टुडिओत घडलेला ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ सप्टेंबर 1985 मध्ये आला. पहिल्या बाजूला पाच सुटी गाणी, तर दुसऱ्या बाजूला ‘द नाइन्थ वेव्ह’ ही सात गाण्यांची सलग कथा, अशी त्याची मांडणी आहे. दशावतारात आडदशावतार हा पूर्वरंग संपून आख्यान लागावे, तसा इथे कॅसेट उलटताच रंग बदलतो. रात्रीच्या समुद्रात एक स्त्री जीवरक्षक जाकीट घालून एकटी तरंगते आहे. झोप लागली तर संपलेच, म्हणून ती जागी राहण्यासाठी धडपडते. मध्येच तिला गोठलेल्या पाण्याखाली अडकल्याचा भास होतो, आणि बर्फ एरवी मासळीच्या पेटीतच पाहणाऱ्या कोकणी श्रोत्याला हा भाग थोडा परका वाटतो. ‘वॉचिंग यू विदाउट मी’ मात्र इथे लगेच पोहोचते: ती मनाने घरी जाते, वाट पाहणारा माणूस तिला दिसतो, पण त्याला ती दिसत नाही. होडी वेळेवर परतली नाही म्हणजे किनाऱ्यावरच्या घरात काय चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गाण्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. पुढे ‘हॅलो अर्थ’मध्ये जॉर्जियन लोकगीताचे समूहस्वर येतात आणि शेवटी पहाट होते.

कोकणच्या दमट पावसाळ्यात फितींना बुरशी धरते, आणि कॅसेटी गेल्या तशी ‘बाजू’ ही गोष्टही गेली. मोबाइलवर गाणी सरमिसळ करून लावली की गोठलेल्या पाण्याचे ‘अंडर आइस’ हे गाणे भलत्याच दोन गाण्यांच्या मध्ये येते आणि अर्धवट वाटते. ‘दुसरा भाग कंटाळवाणा आहे’ ही नव्या श्रोत्यांची तक्रार बहुतेक वेळा अशा ऐकण्यातून आलेली असते. सलगपणा तुटण्याचा हा प्रश्न तिच्या नंतरच्या कामातही दिसतो. बारा वर्षांच्या खंडानंतर 2005 मध्ये आलेल्या ‘एरियल’ची दुसरी तबकडी दुपारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा काळ पक्ष्यांच्या आवाजांसह उलगडते. 2010 च्या डिजिटल आवृत्तीत हा सगळा भाग सुमारे 42 मिनिटांचा एकच ट्रॅक करून दिला गेला, म्हणजे त्या आवृत्तीपुरती तरी एखादे गाणे वेगळे काढून ऐकण्याची वाटच बंद झाली.

2014 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ इथे तिने 22 प्रयोग केले, 1979 च्या दौऱ्यानंतरचे पहिलेच मोठे प्रयोग, आणि त्यांत ‘द नाइन्थ वेव्ह’ संपूर्ण सादर झाली. प्रेक्षकांनी मोबाइलवर चित्रण करू नये, अशी तिने आधीच विनंती केली होती. 2016 मध्ये या प्रयोगांचे तीन तबकड्यांचे ध्वनिमुद्रण बाजारात आले. इथल्या चर्चेत आता त्याचाही एक पक्ष तयार झाला आहे: मूळ अल्बमपेक्षा याच ध्वनिमुद्रणातून नव्या माणसाला कथा आधी कळेल, असे काहींचे म्हणणे आहे, तर 1985 चा आवाज ऐकल्याशिवाय 2014 चा आवाज किती बदलला आहे ते समजणार कसे, असा जुन्यांचा प्रतिप्रश्न आहे.