सुकाणूची बाजू आणि पाठीची बाजू

जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते तसा या शब्दाचा आकाशातल्या ताऱ्यांशी काडीचाही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘स्टेओरबोर्ड’ असा होता. त्यातल्या ‘स्टेओर’चा अर्थ सुकाणू आणि ‘बोर्ड’चा अर्थ जहाजाची कड. उत्तर युरोपातल्या त्या काळच्या जहाजांना मागच्या टोकाला मधोमध सुकाणू नसे, तर रुंद पात्याचे एक मोठे वल्हे मागच्या भागात उजव्या कडेला बांधलेले असे. नॉर्वेत गोकस्टॅड येथे १८८० साली उकरून काढलेल्या नवव्या शतकातल्या जहाजाचे सुकाणूही त्याच कडेला आहे.

हे वल्हे दोन्ही हातांनी धरायचे तर माणसाला उजवीकडे वळून उभे राहावे लागे आणि डावी कड त्याच्या पाठीशी येई, म्हणून तिचे जुने नाव ‘बॅकबोर्ड’, अर्थात पाठीची बाजू. जर्मन भाषेने ‘बाकबोर्ड’ या रूपात ते आजही जपले आहे. इंग्रजीने मात्र ते टाकून ‘लारबोर्ड’ घेतले, जे बहुधा माल चढवण्याच्या क्रियेवरून आले असावे, कारण सुकाणू धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या कडेनेच बंदराला लावत. पण स्टारबोर्ड आणि लारबोर्ड हे जवळजवळ सारखेच कानावर पडणारे शब्द वादळात ओरडून दिल्या जाणाऱ्या हुकमांसाठी धोक्याचे होते. अखेर ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये आणि अमेरिकन नौदलाने १८४६ मध्ये ‘लारबोर्ड’ अधिकृतपणे काढून त्याजागी ‘पोर्ट’ आणला, जो खलाशांच्या तोंडी आधीपासून होताच.

वेगाच्या शब्दांमागेही अशीच एक वस्तू आहे. जहाज किती वेगाने चालले आहे हे मोजण्यासाठी, एका कडेला शिसे भरून पाण्यात उभा तरंगेल असा केलेला लाकडाचा तुकडा, म्हणजे ‘लॉग’, दोरीला बांधून मागे सोडत. तुकडा पाण्यात जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई आणि रिळावरची दोरी सुटत जाई. तिला सुमारे ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ मारलेली असे. २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकल्या, तितके ‘नॉट’, म्हणजेच ताशी तितके सागरी मैल. (‘नॉट प्रति तास’ ही आपल्याकडच्या बातम्यांत दिसणारी रचना म्हणूनच चुकीची आहे, तास त्या गाठीतच मोजलेला असतो.) हे आकडे ज्या वहीत टिपत ती लॉगबुक, आणि संगणकावर आपण रोज करतो ते ‘लॉग-इन’ त्याच लाकडाच्या तुकड्याचे दूरचे वंशज आहे.

अलिप्त, फटकून राहणारा या अर्थाचा ‘अलूफ’ हा शब्द वाऱ्याच्या दिशेने नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वळवण्याच्या हुकमातून आला, कारण तसे केले की जहाज किनाऱ्यावर ढकलले न जाता त्यापासून दूर राही. ‘स्किपर’, ‘यॉट’, ‘डेक’ हे डचांचे देणे, तर ‘ॲडमिरल’ अरबीतल्या ‘अमीर’चा.

मुंबईशी जोडल्या जाणाऱ्या एका व्युत्पत्तीवर मात्र विश्वास ठेवू नये. हिंदुस्थानला जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे दोन्ही वेळा सावलीतली, केबिन श्रीमंत प्रवासी घेत आणि ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘पॉश’ झाला, असे सांगतात. तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट सापडलेले नाही, आणि शब्द छापील इंग्रजीत रुळल्यावर दोनेक दशकांनी ही कथा अवतरली आहे.

खरे नाते त्याहून साध्या कापडाचे आहे. मुंबईच्या डोंगरीवरून ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजी कागदपत्रांत दिसते. पुढे खलाशांच्या अंगावर तेच आले आणि त्याचे नाव ‘डंगरी’ झाले. त्यांच्यावरच्या मुकादमाला इंग्रज ‘टिंडल’ म्हणत. कोकणच्या किनाऱ्यावर त्याच कुळातला शब्द ‘तांडेल’ आजही मचव्यावर ऐकू येतो.