तीनशे मीटरवरची खार आणि स्कोपची पॉवर

अमेरिकेत साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटानाच्या गवताळ माळांवर प्रेअरी डॉग नावाचा प्राणी वस्ती करून, बिळं खणून राहतो. नावात कुत्रा असला तरी कूळ खारीचं. कुरणातलं गवत खातो म्हणून गुरं पाळणाऱ्यांना तो नकोसा, आणि म्हणून उन्हाळ्यात लांबून त्याची शिकार चालते. (सगळ्या जातींची नाही. युटामधली जात कायद्याने संरक्षित आहे.) बिळाच्या तोंडाशी उभा राहिला की उंची साधारण २५ सेंटिमीटर, रुंदी ९. अंतर २०० ते ४०० मीटर. इतकं लहान लक्ष्य इतक्या लांब, तेव्हा रायफलवर बसवायच्या दुर्बिणीची, म्हणजे स्कोपची, दुकानातली सर्वांत जास्त पॉवर (चित्र किती पट मोठं दिसतं तो आकडा) उचलावी असं कुणालाही वाटेल. नवख्याचे पैसे वाया जातात ते इथेच.

आधी कोनाचा हिशोब करू. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. निकोप डोळ्याला साधारण तेवढाच बारकावा कळतो. ३०० मीटरवर ९ सेंटिमीटरची रुंदी जवळपास एक कला भरते, म्हणजे नुसत्या डोळ्याला तो एक ठिपका. उंची तीन कलांना जराशी कमी. १२ पॉवरच्या स्कोपमधून हीच उंची ३४ कला होते. पौर्णिमेचा चंद्र ३१ कलांचा असतो. चंद्राएवढं उंच दिसणारं लक्ष्य नेम धरायला पुरेसं आहे. मग २४ किंवा ३२ पॉवर कशासाठी?

स्कोपवर ६-२४×५० असं लिहिलेलं असतं, तेव्हा पॉवर ६ ते २४ आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. २४ पॉवरला २.१ मिलिमीटर, १२ ला ४.२. भर दुपारी बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची झालेली असते, त्यामुळे २.१ चालून जातं. संध्याकाळी बाहुली रुंदावते आणि चित्र अंधारं वाटू लागतं. शिवाय झोत इतका बारीक झाला की डोकं तसूभर हललं तरी चित्राला काळी कड येते. तपशिलालाही मर्यादा आहे. ५० मिलिमीटरचं निर्दोष भिंग सुमारे २.३ विकलांपर्यंतचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) बारकावा वेगळा करतं. तो डोळ्याला दिसेल इतका, म्हणजे एका कलेएवढा, व्हायला २६ पॉवर लागते. भिंगाच्या मिलिमीटरच्या निम्मे, असं धरून चाला. त्यापुढे पाहणं थोडं सोपं होतं, पण चित्रात नवीन काही येत नाही.

पण माळावर भिंगाची मर्यादा गाठायची वेळच क्वचित येते. त्याआधी हवा आडवी येते. उन्हाने जमीन तापली की लगतची हवा पातळ होते. वरची थंड हवा आणि खालची गरम हवा प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात, आणि हे थर सतत हलत असतात. आपण याला मृगजळ किंवा झळा म्हणतो. स्कोपमधून प्रेअरी डॉग पाण्याच्या तळाशी उभा असल्यासारखा थरथरतो. पॉवर वाढवली की प्राण्याबरोबर थरथरही तितक्याच पटीने वाढते. सकाळी नऊला २० पॉवरला कोरीव दिसणारं चित्र दुपारी १२ पॉवरवर आणावं लागतं. या झळा वाचायला शिकणं मात्र फायद्याचं. त्या एका बाजूला वाहत असतील तर वारा तिकडे चाललाय. जागच्या जागी वर उकळत असतील तर वारा नाही, किंवा तो गोळीच्याच रेषेत आहे.

जास्त पॉवरची दुसरी किंमत म्हणजे दिसणारा मुलूख. साधारण हिशोबाने १०० मीटरवर दिसणारी रुंदी मीटरमध्ये ३५ भागिले पॉवर. ३०० मीटरवर ६ पॉवरला १७ मीटर दिसतात, २४ ला चारच्या आसपास. एकसारख्या शंभर बिळांतून हवं ते चार मीटरच्या खिडकीतून शोधून पाहा! त्यात गोळी सुटल्यावर धक्क्याने लक्ष्य चौकटीबाहेर जातं आणि ती कुठे पडली हे कळत नाही. म्हणून स्कोपवरचा खालचा आकडा वरच्याइतकाच, खरं तर जास्तच, पारखून घ्यावा. प्राणी शोधण्यासाठी हातातली दुर्बीण वेगळी ठेवावी. रायफल रोखून माळ न्याहाळणं धोक्याचं आहे.

पॉवरच्या माथी मारला जाणारा एक दोष खरा तिचा नसतो. डोकं हलवलं की फुली (स्कोपमधली नेम धरायची खूण) लक्ष्यावरून सरकते, तो पॅरॅलॅक्स. १०० मीटरला कायमच्या जुळवलेल्या ४० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये ३०० मीटरवर ही चूक जास्तीत जास्त ४ सेंटिमीटर होते. लक्ष्याच्या रुंदीच्या जवळपास निम्मी! ती टाळायला बाजूला फोकसची खुंटी असलेला स्कोप घ्यावा. आधी मोकळ्या आभाळाकडे पाहून मागच्या भिंगाची कडी फिरवत फुली ठसठशीत करायची. एका वेळी दोन-तीन सेकंदच पाहायचं, नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो. मग रिकामी रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून खुंटी फिरवायची आणि डोकं किंचित वरखाली करायचं. फुली चिकटून बसली की झालं. खुंटीवरच्या आकड्यांवर विसंबू नये. बरेच जण लक्ष्य स्पष्ट करायला मागची कडीच फिरवतात आणि चूक तशीच राहते.

फुलीवर खुणा असतील तर ती कोणत्या भिंगापाशी बसवली आहे ते विचारा. मागच्या भिंगापाशी, म्हणजे मागच्या प्रतलात, असेल तर खुणा एकाच पॉवरला, बहुधा सर्वांत जास्त पॉवरला, खऱ्या असतात. २४ ला ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर दाखवणारी खूण १२ ला ६० दाखवते. झळांमुळे पॉवर उतरवली आणि हे विसरलं, की गोळी डोक्यावरून जाते.

तेव्हा ४-१६ किंवा ६-१८ पॉवर, ४४ ते ५० मिलिमीटरचं भिंग. उरलेले पैसे काचेच्या दर्जावर घालावेत. ८-३२ चा स्कोप शोभतो तो टेबलावरून कागदी लक्ष्यावर मारणाऱ्याला.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण हा हिशोब भिगवणच्या काठावरही तसाच लागू पडतो. २०-६०×८० चा पक्षी-स्कोप ६० पॉवरला १.३ मिलिमीटरचा झोत देतो. दुपारी बारा वाजता त्यातून रोहित पक्ष्यांचे पाय पाण्यात विरघळताना दिसतात. पॉवर तिशीवर आणली की सांधे पुन्हा मोजता येतात.