चूक पोटात न घालणारी आयर्न

वाशीतले माझे एक मित्र रविवारी सकाळी खारघरला, पांडवकड्याच्या बाजूच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सवर असतात. यंदा त्यांनी आयर्नचा, म्हणजे पोलादी हेडच्या गोल्फ काठ्यांचा, जुना 'कॅव्हिटी बॅक' सेट विकून 'ब्लेड' प्रकारच्या घेतल्या. वहिनींचा प्रश्न बिनतोड होता: "चुका झाकणारी काठी देऊन चुका चव्हाट्यावर आणणारी विकत घ्यायची, आणि वर जास्त पैसे मोजायचे?"

सात नंबरच्या आयर्नचं हेड साधारण 270 ग्रॅमचं असतं. ते सगळं पोलाद एका लहानशा भरीव पात्यात बसवलं की झाली ब्लेड. तेच पाठीमागून कोरून कडांकडे सरकवलं की कॅव्हिटी बॅक. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकी अभियंते कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये वजन टोकांना नेलेला पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे घरंगळवायची काठी, बनवला. पुढे तेच तत्त्व त्यांनी आयर्नमध्ये आणलं, आणि 1982 चा त्यांचा 'पिंग आय 2' हा सेट जगभर खपला. दोरीवरचा डोंबारी हातात लांब काठी आडवी धरतो त्यामागेही हेच कारण आहे. वजन मध्यापासून दुप्पट लांब गेलं की वळण्याला होणारा विरोध चौपट होतो. पाठ्यपुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात.

चेंडू मध्यापासून दूर लागला की हेड हातातल्या हातात फिरतं आणि चेंडूला द्यायची थोडी ऊर्जा त्या फिरण्यात जाते. किती जाते, याचा हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्रात बसतो. ब्लेडचं जडत्व आघूर्ण 2000 ग्रॅम-चौरस सेंटीमीटर आणि कॅव्हिटी बॅकचं 2800 धरू. चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा. फटका टोच्या, म्हणजे हेडच्या दूरच्या टोकाच्या, बाजूला दीड सेंटीमीटर चुकला, तर ब्लेडवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग सुमारे 4 टक्के घटतो, कॅव्हिटी बॅकवरून सुमारे 3 टक्के. म्हणजे 130 मीटरच्या फटक्यात दोघींमधला फरक जेमतेम दोन मीटर! चेंडू चिकटलेला असतो तेवढ्या अर्ध्या मिलिसेकंदात ब्लेड सव्वादोन अंश फिरते, दुसरी साधारण 1.6. ब्लेडच्या नावाने जे भय घातलं जातं, त्याच्या मानाने हे काहीच नाही.

मग मित्राची सेव्हन आयर्न आधीपेक्षा कितीतरी आखूड का पडू लागली? त्याचं मुख्य कारण लॉफ्ट, म्हणजे पातं मागे किती कललेलं आहे तो कोन; तो कमी तितका चेंडू लांब. हौशी खेळाडूंसाठीच्या आजच्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट 28 ते 30 अंश असतो, ब्लेडचा 34-35. पाच अंश म्हणजे लागोपाठच्या दोन नंबरांमधल्या फरकाहून जास्त. हेडवर आकडा सात असला तरी आधी ते जवळपास सहा नंबरची मारत होते. यात चुका पोटात घालण्याचा काही संबंध नाही, पण दुकानात 'ही लांब मारते' म्हणून जे विकलं जातं त्यातला बराच भाग हाच.

खरा मार बसतो तो वर-खाली. हेड लांबीपेक्षा उंचीला कमी, त्यामुळे त्या दिशेने कलंडायला ते मुळातच सोपं. शिवाय ब्लेडचा गुरुत्वमध्य वरच्या बाजूला असतो. बारीक कापलेल्या गवतावर चेंडू जमिनीलगत बसलेला, आणि हौशी माणसाचा फटका बहुधा थिन, म्हणजे पात्याच्या खालच्या कडेशी. रुंद सोलच्या, म्हणजे रुंद तळाच्या, आयर्नमध्ये वजन खाली असल्याने असा फटकाही बऱ्यापैकी उडतो. उलट फॅट बसला, म्हणजे चेंडूआधी मातीला लागला, तर रुंद सोल घसरून पुढे जातो आणि ब्लेडची अरुंद कड पावसाळ्यातल्या ओल्या जमिनीत रुतते.

मित्र पात्यावर पायाच्या पावडरचा स्प्रे मारून सराव करतात. फटक्यानंतर पांढऱ्या थरात चेंडूच्या डिंपलची, म्हणजे त्यावरच्या खळग्यांची, नक्षी उमटते. त्यांची नक्षी बहुतेक वेळा टोच्या बाजूला, खालच्या दोन-तीन खाचांवर. हातालाही ते कळतं, डाव्या तर्जनीत झिणझिण्या येतात. ब्लेडच्या बाजूने सगळे हाच मुद्दा मांडतात: चूक लगेच कळते. पण हे 'लगेच' तपासून पाहण्यासारखं आहे. हाताकडून मेंदूपर्यंत संदेश जायला वीसेक मिलिसेकंद लागतात. ताशी 170 किलोमीटरने सुटलेला चेंडू तोवर मीटरभर पुढे गेलेला असतो. म्हणजे ती माहिती या फटक्याच्या काहीच कामाची नाही. पुढच्या फटक्यासाठी ती उपयोगी, तीही सराव करणाऱ्यालाच. आणि ती हातातूनच येते असंही नाही. फटक्याचा 'फील' खेळाडू ठरवतात त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. कापसाचे बोळे कानात घालून चार फटके मारा, मग हाताला नेमकं किती कळतं ते पाहा.

आता मित्रांच्या बॅगेत सरमिसळ आहे. आठ, नऊ आणि वेज, म्हणजे सर्वांत जास्त लॉफ्टच्या आखूड काठ्या, ब्लेड. चार ते सात पुन्हा कॅव्हिटी बॅक. लांब आयर्नची काठी लांब, लॉफ्ट कमी, म्हणून चेंडू पात्यावर जास्त विखुरतो आणि थिन बसला तर उडतच नाही. आखूड आयर्नमध्ये लॉफ्टच चेंडू वर काढतो, तिथे तळातल्या वजनाची गरज कमी. वहिनींनी मात्र जुना सेट कितीला गेला आणि हा दुसरा कितीला आला, याचा हिशेब अजून मागितलेला आहे.